गाडीचं रिन्यूअल आणि घराची ‘भारत गृह रक्षा’, दोन्ही बिलांचा रिव्ह्यू

मुख्य गोष्ट आधी. ४ लाखाच्या गाडीच्या इन्शुरन्सला मी यंदा ११ हजार भरलेत आणि बाजारभावाने ९० लाखाच्या फ्लॅटला हजाराच्या आतबाहेर, आणि तरीही आमच्या सोसायटीत गाडीचा इन्शुरन्स झाडून सगळ्यांचा आहे, घराचा विचारलात तर बोटावर मोजण्याइतके निघतील. कारण उघड आहे, गाडीचा नसला तर चौकात मामा अडवतात आणि पावती फाडतात (पहिल्यांदा २,०००, परत सापडलात तर ४,०००, शिवाय कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची सोय आहेच), घराचे कागद कोणी बघायला येत नाही. तर यंदा दोन्ही एकाच महिन्यात आले म्हणून दोन्हीची बिलं समोर ठेवून ओळ न् ओळ वाचली, त्याचा हा रिव्ह्यू. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाहीये, एकाच कंपनीचा रेट डीलरकडे वेगळा, साइटवर वेगळा आणि एजंटकडे तिसराच, त्यामुळे नावापेक्षा बिल वाचता येणं जास्त कामाचं.

आधी गाडी. पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, एमएच-१२ पासिंग, पाच वर्षं पूर्ण झालेली. रिन्यूअलच्या आधी महिनाभर डीलरच्या इन्शुरन्स डेस्कवरून फोन सुरू होतात, आवाज दरवेळी नवीन पण वाक्य तेच, "सर, आमच्याकडून घेतलं तरच कॅशलेस मिळेल." हे धादांत खोटं आहे. कॅशलेस हे त्या वर्कशॉपचं आणि इन्शुरन्स कंपनीचं आपसातलं टायअप असतं, पॉलिसी कोणी विकली याचा त्याच्याशी काही संबंध नाही, कंपनीच्या साइटवर नेटवर्क गॅरेजची यादी असते तिथे आपलं सर्व्हिस सेंटर आहे का बघायचं, विषय संपला. नवीन गाडी घेतानाही डीलरकडूनच इन्शुरन्स घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही, पण डिलिव्हरीच्या दिवशी पेढे आणि हार हातात असताना कोण वाद घालणार, हे त्यांनाही पक्कं माहीत असतं.

डीलरचं कोटेशन होतं साडेपंधरा हजाराच्या आसपास. आता ते उघडून बघू.

पहिली ओळ थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, कायद्याने सक्तीचा इन्शुरन्स. ३,४१६ रुपये. इथे घासाघीस करायची नाही, होणारच नाही, कारण हा रेट कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. जून २०२२ ला जो तक्ता आला त्यात १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४, १००० ते १५०० ला ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७ असे आकडे आहेत, इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट देऊन वेगळा तक्ता. त्यामुळे कोणी "सर थर्ड पार्टीत पण डिस्काउंट देतो" म्हणाला तर फोन ठेवा. नवीन गाडीला थर्ड पार्टी एकदम ३ वर्षांची आणि टू व्हीलरला ५ वर्षांची घ्यावी लागते (सप्टेंबर २०१८ पासून, सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे), म्हणून नव्या गाडीचं पहिल्या वर्षाचं बिल बघून डोळे पांढरे होतात आणि दुसऱ्या वर्षी एकदम स्वस्त झालं असं वाटतं. स्वस्त काही झालेलं नसतं, थर्ड पार्टी आधीच भरून झालेली असते.

दुसरी ओळ ओन डॅमेज, म्हणजे ओडी, आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, ज्याला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो. खरा खेळ इथे आहे. याचा रेट २००७ पासून कंपन्यांना मोकळा आहे, पण हिशोबाचा पाया अजून जुन्या टॅरिफचाच (तेव्हाच्या ठरीव दरपत्रकाचा) वापरतात. त्या टॅरिफमध्ये देशाचे दोन झोन आहेत, ए मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, अहमदाबाद, बाकी सगळा देश बी मध्ये. म्हणजे माझ्या मेव्हण्याची सेम गाडी एमएच-०९ कोल्हापूर पासिंगची आहे, तो गेली कित्येक वर्षं राहतो आणि चालवतो पुण्यात, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज घासतो, पण त्याचा बेस रेट माझ्यापेक्षा कमी, कारण झोन बघतात तो रजिस्ट्रेशनचा. फरक फार नाही पण मनाला लागतो.

माझ्या गाडीच्या वयाला आणि सीसीला ए झोनचा बेस रेट आयडीव्हीच्या (इन्शुरन्ससाठी धरलेली गाडीची किंमत) ३.४४७ टक्के. आयडीव्ही ४ लाख धरली तर १३,७८८. यावर कंपनी आपल्या मर्जीने डिस्काउंट देते आणि मग उरलेल्यावर एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, बसतो. डीलरने डिस्काउंट दिला ४० टक्के, एजंट काकांनी त्याच प्रकारच्या पॉलिसीवर ५८ टक्के काढून दिला, म्हणजे एनसीबीच्या आधीच आकडा ८,२७० वरून ५,८०० वर. दोन्हीकडे माझा एनसीबी ५०, त्यामुळे तिकडे ४,१३५ आणि इकडे २,९००. डीलरच्या कोटेशनवर मोठ्या अक्षरात "५०% सूट" लिहिलेलं होतं, ती सूट त्यांची नाहीच, तो माझा एनसीबी आहे, पाच वर्षं क्लेम न करता मी कमावलेला. माझेच पैसे मला भेट म्हणून दाखवायचे, कमाल आहे.

एनसीबीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण यातच लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. पायऱ्या अशा, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. एक क्लेम केला की सरळ शून्यावर, मग परत पहिल्या पायरीपासून. आता समजा पार्किंगमध्ये बंपर घासला आणि गॅरेजवाला म्हणाला "६ हजार होतील, इन्शुरन्समध्ये करून टाकू", तर हिशोब करा. एनसीबीच्या आधीचा ओडी ५,८०० आहे. क्लेमनंतर पुढच्या वर्षी ५० च्या जागी ०, नंतर ५० च्या जागी २०, मग २५, ३५, ४५. कमी मिळालेले टक्के मिळवले तर ५०, ३०, २५, १५, ५, म्हणजे एकूण १२५ टक्के, म्हणजे जवळपास ७,२५० रुपये, वर जीएसटी. आयडीव्ही दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी होईल, पण क्लेममध्येही १,००० कम्पल्सरी डिडक्टिबल आपल्याच खिशातून जातो, म्हणजे ५ हजार मिळवायला ६-७ हजार घालवले. गॅरेजवाल्याचं काय जातं, त्याला बिल फाडायचंय. माझ्या गाडीपुरतं मी ठरवलंय की ८-१० हजाराच्या आत खर्च असेल तर क्लेम नाही, तुमचा आकडा तुमच्या ओडीवरून काढा.

आणि एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून एनसीबी रिटेन्शनचं पत्र घेऊन ठेवा, ३ वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो. एसयूव्ही घेणाऱ्याला हे पत्र म्हणजे पहिल्याच वर्षी हजारोंची बचत, आणि गाडी विकताना ते मागून घेणारे मी तरी फारसे पाहिले नाहीत. उलट साइटवर "मागच्या वर्षी क्लेम केला होता का" याला डोळे झाकून नाही म्हणणारे भरपूर, ते कंपन्या एकमेकांकडून तपासून घेतात आणि क्लेमच्या वेळी ओडीवर पाणी सोडावं लागू शकतं.

साइटची कथा वेगळी. तुलना करणाऱ्या साइटवर गेलो तर पहिलं कोटेशन ८ हजारच्या घरात, मी म्हटलं वा, मग बारीक अक्षर बघितलं तर आयडीव्ही २ लाख ८० हजार लावलेली. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार गेली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. ती खाली ओढली की प्रीमियम आपोआप स्वस्त दिसणार, चमत्कार काही नाही. तिथे आयडीव्ही स्वतः एडिट करून ४ लाख केली तर आकडा काकांच्या जवळपासच आला. साइटची चांगली बाजू एवढीच की सगळे रेट एका जागी दिसतात आणि कोणी मागे लागत नाही, हे दुसरं मी परत घेतो, नंबर टाकल्यावर जे फोन सुरू झाले ते पॉलिसी काढून झाली तरी थांबेनात.

आता अ‍ॅड ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला वरून जोडायची कव्हरं. डीलरच्या बिलात यांचेच ५ हजाराच्या वर होते. झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, कन्झ्युमेबल्स, टायर, चावी, रोडसाइड, शिवाय "सामान हरवल्यास" असं काहीतरी. त्यातलं काय ठेवलं ते सांगतो.

झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, ठेवला. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांना ५० टक्के घसारा, फायबरला ३०, काचेला काही नाही, पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे. आजच्या गाडीत पुढून ठोकलं तर तुटतं ते बहुतेक प्लास्टिकच, त्यामुळे झिरो डेप नसेल तर अर्धा खर्च तुमच्या माथी. लोक याला बंपर टू बंपर म्हणतात आणि समजतात की आता एक पैसा भरायचा नाही, तसं नाहीये, डिडक्टिबल भरावंच लागतं आणि बऱ्याच कंपन्या वर्षाला दोनच झिरो डेप क्लेम देतात.

इंजिन प्रोटेक्ट पण ठेवला आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्याने हा वगळूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात होत्या. साध्या पॉलिसीत पुरात झालेलं नुकसान धरतात हे खरं, पण पाण्यात उभी गाडी तुम्ही स्टार्टर मारून चालू करायला गेलात आणि इंजिनात पाणी ओढलं जाऊन ते बसलं, तर कंपनी म्हणते हे पुराने नाही, तुमच्यामुळे झालं, आणि इंजिनाचा खर्च तुमच्या माथी. अ‍ॅड ऑन असला तरी स्टार्टर मारू नका, गाडी टो करूनच न्या.

टायर, चावी, सामान, कन्झ्युमेबल्स (दुरुस्तीत लागणारं ऑइल, नट-बोल्ट वगैरे) सगळं काढून टाकलं. रोडसाइड (रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत) १०० रुपयांत होतं म्हणून राहू दिलं. रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पार गेली तर खरेदीच्या बिलाइतके पैसे) या वयाच्या गाडीला बहुतेक कुठे मिळतच नाही, पण गाडी नवीन असेल तर पहिली दोन-तीन वर्षं जरूर घ्या.

आणखी एक ओळ, ओनर ड्रायव्हरचा पीए, म्हणजे गाडी चालवणाऱ्या मालकाचा अपघात विमा, १५ लाखाचा. हा सक्तीचा आहे असं सांगून प्रत्येक गाडीवर लावतात, म्हणजे घरात कार आणि अ‍ॅक्टिव्हा असेल तर दोन्हीवर. पण २०१९ पासून नियम आहे की तुमच्याकडे १५ लाखाचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट आधीच असेल तर तसं लिहून द्या आणि हा काढून टाका. माझ्याकडे वेगळी पॉलिसी आहे, लिहून दिलं, काढला. डीलरच्या डेस्कवरच्या पोरीला हे सांगितलं तर म्हणाली, "सर सिस्टिममध्ये ऑप्शनच येत नाही." काकांच्या सिस्टिममध्ये बरोबर आला.

शेवटी जीएसटी १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून इन्शुरन्सवरचा जीएसटी गेला असं व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे फिरलं, ते वैयक्तिक लाइफ आणि हेल्थपुरतं आहे, गाडी आणि घराला १८ टक्के तसाच. तर माझं बिल, ओडी २,९००, अ‍ॅड ऑन ३,१००, थर्ड पार्टी ३,४१६, झाले ९,४१६, जीएसटी धरून ११,१११. डीलरपेक्षा चार-साडेचार हजार कमी, आणि कव्हर जे लागतं ते सगळं आहे. तारखेच्या आत भरा मात्र, गाडीला हेल्थसारखे वाढीव दिवस मिळत नाहीत, मध्यरात्री संपली की संपली, नंतर व्हिडिओ काढून गाडी दाखवा वगैरे सोपस्कार आणि ९० दिवस उलटले तर एनसीबी पण गेला. आमच्या वडिलांची गाडी महिन्यातून दोनदा देवदर्शनाला निघते, तिच्यासाठी किलोमीटरवर चालणारं कव्हर बघतोय, २०२२ पासून त्याला परवानगी आहे, चालवणं कमी असेल त्याने विचारून बघावं.

आता घर. भारत गृह रक्षा ही कुठल्या एका कंपनीची पॉलिसी नाही, आयआरडीएआयने (इन्शुरन्स कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ठरवून दिलेली एकसारखी पॉलिसी आहे, त्यामुळे मूळ कव्हर सगळीकडे तेच, फरक फक्त रेट आणि सर्व्हिसचा. या रिव्ह्यूत खरं कौतुक मला हिचंच करायचंय.

पहिला गोंधळ रकमेचा. ९० लाखाचा फ्लॅट म्हणून लोक ९० लाखाचा इन्शुरन्स मागायला जातात. इथे जागेची किंमत धरतच नाहीत, बांधकामाचा खर्च धरतात, कारण आग लागली तरी कोथरूड जागेवरच राहणार आहे. माझा कार्पेट ८०० स्क्वेअर फूट, बांधकाम २,८०० रुपये फूट धरलं, झाले २२ लाख ४० हजार. घरातल्या सामानाला याच्या २० टक्के आपोआप धरतात (१० लाखापर्यंत), म्हणजे ४ लाख ४८ हजार, फर्निचर, फ्रिज, टीव्ही यासाठी माझ्यापुरतं पुरेसं. दागिने मात्र यात नाहीत, ते किंमत ठरवून वेगळे जोडावे लागतात. आणि रक्कम चुकून थोडी कमी लागली तरी क्लेममध्ये त्या प्रमाणात कापत नाहीत, जुन्या फायर पॉलिसीत कापायचे, हा फार मोठा फरक आहे.

आग, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल, पाण्याची टाकी-पाइप फुटणं हे सगळं आहे. भूकंपाला हसू नका, १९६७ चं कोयना आणि १९९३ चं किल्लारी दोन्ही महाराष्ट्रातलीच. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुरुस्तीच्या काळात दुसरीकडचं भाडं पण देतात, पुण्याची भाडी बघता हे एकटंच प्रीमियम वसूल करतं. भाड्याने राहणाऱ्याला नुसत्या सामानाची पॉलिसी काढता येते, आयटीतल्या पोरांनी इकडे लक्ष द्यावं.

खटकणाऱ्या गोष्टी आता. चोरी! मूळ पॉलिसीत चोरी फक्त आग-पूर अशा घटनेनंतर ७ दिवसांत झाली तरच धरतात. मे महिन्यात कुलूप लावून कोकणात गेलात आणि घरफोडी झाली तर यातून काही मिळणार नाही, त्यासाठी वेगळं कव्हर जोडावं लागतं, आणि मध्यमवर्गाला नेमकी भीती कसली असते तर याचीच. दुसरं, व्होल्टेज वरखाली होऊन किंवा आत शॉर्ट होऊन तो टीव्हीच जळला तर टीव्हीचे पैसे नाहीत, त्या टीव्हीमुळे आग लागून बाकी घर जळलं तर बाकीचे मिळतात. वरच्या फ्लॅटमधून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणीही नाही, त्यासाठी वरच्याशी भांडणं हाच उपाय.

दोन गैरसमज जाताजाता. एक, "आमचा होम लोनवाला इन्शुरन्स आहे की." तो बहुतेक वेळा तुमच्या जिवाचा असतो, कर्जदार गेला तर कर्ज फिटावं म्हणून, बँकेने लोनमध्येच घालून दिलेला, त्यावर व्याजही तुम्हीच भरताय. घर जळलं तर त्याचा उपयोग शून्य. सँक्शन लेटरबरोबर आलेला कागद काढून बघा, लाइफ कंपनीचा आहे की जनरल. दोन, "सोसायटीने बिल्डिंगचा काढलाय." काढला असेल तर उत्तम, सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (नियमावलीत) बिल्डिंगचा इन्शुरन्स सांगितलेलाच आहे आणि मेंटेनन्सच्या बिलात तशी ओळही असते, पण त्यात भिंती येतात, तुमचा सोफा येत नाही. आमच्या सेक्रेटरींकडे कॉपी मागितली तर ते म्हणाले, "अहो, बघून सांगतो", ते अजून बघतायत. सोसायटीची पॉलिसी खरंच चालू आणि पुरेशी असेल तर तुम्ही नुसत्या सामानाची पॉलिसी घेतली तरी चालेल, अजून स्वस्त पडेल.

क्लेमचा अनुभव अजून नाही, देव करो येऊ नये, म्हणून त्याला मार्क देत नाही. अडचण आलीच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग आयआरडीएआयचं तक्रारींचं बीमा भरोसा पोर्टल, आणि महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातही आहे, ५० लाखापर्यंतची भरपाई ते देऊ शकतात, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

मार्क म्हणाल तर डीलरला पाचपैकी दीड, तो अर्धा पण चहा चांगला दिला म्हणून. साइटला तीन, रेट बघायला ठीक, घ्यायला नाही. एजंट काकांना चार, एक यासाठी कापला की ते पीडीएफ पाठवायला विसरतात आणि फोन केला की आधी पंधरा मिनिटं राजकारण. भारत गृह रक्षाला साडेचार, चोरी आत असती तर पाच दिले असते. सध्या एकच वर्षाची घेतलीय, १० वर्षांपर्यंतची एकदम मिळते आणि त्यात रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, पुढच्या वेळी तीच घेणार, घरफोडीचं कव्हर जोडून.